पंजाबरावाकडच्या फांद्या

त्या निंबाखाली मी अकरा वर्षं भाकर खाल्ली, म्हणून ही गोष्ट सांगायचा हक्क मले आहे. बाकी गावात ज्याच्या तोंडी पाहा त्याच्या तोंडी ती वेगळीच. कोणी म्हणते शालिग्रामभाऊचं डोकं फिरलं. कोणी म्हणते माणूस मोठा मतलबी, भावाच्या कापसावर मुद्दाम सावली पाडून राह्यला. बोलणाऱ्याच्या तोंडाले काही झाकण नसते. मी डोळ्यानं पाह्यलं तेवढंच सांगते.

माझं नाव जयमाला. आमची आठ बायांची टोळी आहे. धामणगाव बढ्याच्या अलीकडं आमचं गाव, अन् ज्याच्या वावरात काम असलं तिथं आम्ही जातो. निंदण, कापूस वेचणं, हरभरा सोंगणं, जे असेल ते. टोळीचं बोलणं-ठरवणं माझ्याकडं, कारण माझी जीभ चालते. तिच्यापायी मी चार कामं मिळवली अन् सहा घालवली.

शेतमालकांले वाटते, बाया मजुरी पाहून येतात. अहो, मजुरी तं सगळीकडं सारखीच. आम्ही पाहतो ते हे, की भाकर खायले सावली आहे का नाही. ज्याचं वावर निरा उघडं, तिथं दुपारी डोक्यावर पदर ओढून मेंढरांवानी एकमेकींच्या आडोशाले बसा लागते. चटणीसुद्धा गरम लागते. म्हणून शालिग्रामभाऊनं नाही तं पंजाबरावानं बोलावलं, की माझी टोळी पहिली तयार.

हे दोघं सख्खे भाऊ. वाटण्या झालेल्या, वावरं लागून, मधात एक धुरा. तुमच्याकडं बांध म्हणतात, आमच्याकडं धुरा. मावळतीच्या अंगाले मोठे शालिग्रामभाऊ, उगवतीच्या अंगाले धाकटे पंजाबराव. धुऱ्यावर ओळीनं पाच निंब, त्यांच्या बापाच्या वेळचे. आता सूर्य काही वाटणीपत्र वाचत नाही. दुपार कलली की निंबांची सावली उगवतीकडं सरकते, म्हणजे पंजाबरावांच्या वावरात. आम्ही कोणाच्याही कामावर असलो तरी भाकर खायले पंजाबरावांच्याच अंगाले बसायचो, मधल्या मोठ्या निंबाखाली. पंजाबराव अन् त्यांच्या घरच्या पुष्पाबाई पण तिथंच डबा सोडायचे. पुष्पाबाईच्या हातचा ठेचा खाल्ला नसेल तं तुम्ही काहीच खाल्लं नाही.

शालिग्रामभाऊ मात्र खोडाच्या पलीकडून बसायचे. आपल्या अंगाले, उन्हात, खोडाले पाठ टेकून. आम्ही इकडं सात-आठ बाया, पंजाबराव, पुष्पाबाई, हसणं-खिदळणं चाललेलं, अन् खोडाच्या तिकडून फक्त भाकर मोडल्याचा आवाज.

दोघं भाऊ बोलत नव्हते. चौदा वर्षं झाली होती. अन् कारण ऐकाल तं कपाळावर हात माराल.

पंजाबरावांच्या पोरीचं, करिष्माचं, लग्न ठरलं होतं. त्या वेळी धुऱ्यावर एक सहावं झाड होतं, जुनी बाभूळ. लग्नाच्या सैपाकाले सरपण पाहिजे म्हणून पंजाबरावांनी ती तोडायले माणसं आणली. नेमके त्याच दिवशी सोयरे आले होते वावर पाहायले. शालिग्रामभाऊ तिकडून आले अन् सगळ्यांसमोर म्हणाले, "बापाची बाभूळ एकट्याची नाई पंजाब. सरपण लागते तं मी गाडीभर आणून टाकतो. पण उभं झाड पाडू नको." बस, एवढंच. पण सोयऱ्यांसमोर म्हटलं. नवरदेवाचा मामा म्हणे गालात हसला. पंजाबरावांनी माणसं परत पाठवली अन् त्या दिवसापासून भावाशी शब्द बंद केला. लग्नाची पत्रिका दिली, ती पण दुसऱ्याच्या हातून. शालिग्रामभाऊ लग्नात अक्षता टाकून, पंगतीले बसून, मुकाट घरी आले. अन् ती बाभूळ? दुसऱ्याच उन्हाळ्यात उभ्या उभ्या वाळली. तिच्या लाकडाले दोघांपैकी एकानंही हात लावला नाही. वाळवीनं खाल्लं सगळं.

मी नवीनच त्यांच्या कामाले जायले लागली तेव्हा शालिग्रामभाऊच्या घरच्या अन्नपूर्णाबाई होत्या. त्यांचं माहेर घाटाखालचं, सिताफळांच्या मुलखातलं. त्यांनीच नवऱ्याच्या डोक्यात भरवलं, की नुसत्या धुऱ्यावर काऊन, वावराच्या मधातही झाडं लावू. दर पंचवीस फुटांवर एक ओळ. कुठं सिताफळ, कुठं शेवगा, ढोरांच्या पाल्यासाठी अंजन. अन् दोन ओळींच्या मधात कापूस, तूर, मूग, जे साधेल ते. ट्रॅक्टर जाईल एवढी जागा सोडलेली. बाईनं रोपं पिशव्यांत केली, आमच्या टोळीनं खड्डे केले. गाव हसलं. आमच्याकडं वावर कसं पाहिजे, तं आरशावानी, कुठं काडी दिसली नाही पाहिजे. इंद्रभान पाटील पारावर म्हणाले, "लोक रान तोडून वावर करतात, हा वावराचं रान करून राह्यला." ते ऐकून अन्नपूर्णाबाईंनी मले म्हटलं होतं, "हसू दे बाई. पाऊस दडी मारीन तेव्हा पाहू कोनाचं हसू टिकते."

खरं सांगते, झाडांच्या अगदी जवळच्या तासाले, म्हणजे ओळीले, कापूस कमीच लागतो. खोटं काऊन बोलू? पण मागं एका साली श्रावणात तीन आठवडे थेंब नव्हता. सगळ्यांच्या वावराले भेगा पडल्या अन् भाऊच्या पट्ट्यात झडलेल्या पाल्याखालची माती हाताले थंड लागत होती. तेवढं पाहायले अन्नपूर्णाबाई नव्हत्या. झाडं लावल्याच्या दुसऱ्या वर्षीच त्या गेल्या. पोटाचं दुखणं होतं, तीन महिन्यांत आटोपलं. पंजाबराव आले, तिरडीले खांदा दिला, स्मशानात शेवटपर्यंत थांबले. खांदा दिला, शब्द दिला नाही. तेव्हा मले त्यांचा एवढा राग आला होता, की आठ दिवस मी त्यांच्या कामाले गेली नाही.

त्यानंतर शालिग्रामभाऊ अन् ती झाडं. पोरगी एकच, समीक्षा, पुण्याले कंपनीत. चांगली पोरगी आहे, बापाले बोलावते. भाऊ एकदा गेले पण. बाराव्या दिवशी परत. मी विचारलं, काऊन हो? म्हणे, "तिचा काही दोष नाई. पन तिथं सकाळी दार उघडलं का समोर दुसऱ्याचं दार." दर रविवारी तिचा फोन येते. मोबाईलवर पिकाची नोंद करायची असते, त्यात कोणतं पीक ते लिहा लागते. भाऊच्या वावरात सतरा भानगडी. ते धुऱ्यावर बसून पोरीले विचारत, "यात तूर लिहू का सिताफळ? का अंजन लिहू?" ती म्हणे, "बाबा, मिश्र पीक लिहा नं." काम दोन मिनिटांचं, फोन अर्धा तास. अन् दर वर्षी तेच विचारायचे. विसरत होते थोडेच.

आम्हाले बोलवायची पण त्यांची तऱ्हा होती. निंदायले बोलवत अन् वावरात तणच नसे. पाल्याखाली तण येते कुठं? मी एकदा म्हटलं, "भाऊ, कायले बोलावलं? निंदू काय, आमचे पाय?" तं ते नुसते हसले अन् म्हणाले, "निघन काही तरी. पाहा नं." मंग आम्ही उगंच ओळीनं फिरायचो. ते मागून मागून चालत, प्रत्येक झाडाची खबर सांगत. याले औंदा किती फळ, त्याच्यावर कोणतं पाखरू. माझ्या टोळीतल्या पोरी कंटाळायच्या, तोंडाले पदर लावून हसायच्या. मी डोळे वटारायची. माणूस दिवसभर कोणाशी बोलला नाही की असाच बोलते, एकदम अन् सगळं.

पण आम्ही बाया काही त्यांची तहान भागवणाऱ्या नव्हतो. त्यांले एकच पाहिजे होतं. पंजाबनं एकदा बोलावं. बाकी त्यांनी कोणाजवळ तोंडानं म्हटलं नाही, पण ते उन्हात खोडाले पाठ टेकून बसायचे ते त्याचसाठी. खोडाच्या अल्याड पंजाबराव बोलायचे, हवापाण्याचं, बाजाराचं, अन् पल्याड हा माणूस भाकर हातात धरून ऐकायचा. एकदा मी पाणी आणायले उठली तं दिसलं. घास तसाच हातात, डोळे मिटलेले.

आता फांद्यांची गोष्ट. दर वर्षी वावरं रिकामी झाली की धुऱ्यावरची झाडं सवळतात. म्हणजे झाड ठेवायचं अन् पिकावर येणाऱ्या फांद्या उतरवायच्या. हे दोघांचं काम आहे. एक वर कुऱ्हाड घेऊन, एक खाली. जाड फांदी असली तं तिले दोर बांधतात, दोर वरच्या बेचक्यातून काढून खालचा माणूस धरतो, अन् तुटली की हळूहळू सोडतो. शिवाय वरच्याले सावली दिसत नाही. कोणती फांदी पिकावर येते ते खालच्यानंच सांगायचं. दोघं भाऊ लहानपणापासून हे करत आलेले. मोठा वर, धाकटा खाली. शब्द बंद झाला तशी ती जोडी तुटली. मंग भाऊ एकटेच चढायचे अन् हाताशी येतील तेवढ्या फांद्या पाडायचे.

अन् पाडायच्या कोणत्या? आपल्या अंगाच्या! पंजाबरावांकडची एक डहाळी तोडायची नाही. मी पहिल्यांदा पाह्यलं तेव्हा मले वाटलं माणूस चुकला. खालून ओरडली, "अहो भाऊ, उलटं करून राह्यले तुम्ही. तुमच्या वावरावरच्या तोडता अन् त्यांच्या पिकावरच्या ठेवता?"

ते खाली उतरले, घाम पुसला अन् मले म्हणाले, "इकडच्या ठेवून काय करू जयमाला? मी एकटा बसतो. एका मानसाले किती सावली लागते? तिकडं तुमी जेवता." मंग म्हणाले, "पंजाबले ऊन सोसत नाई. लहानपनी उन्हात उभा राह्यला का त्याचा घोळणा फुटायचा. नाकातून निरं रक्त. मी कांदा फोडून नाकाशी धरायचो. अजूनही फुटत असन. तो कोनाले सांगनार नाई."

आमच्या धंद्याचा एक नियम आहे, दोन घरच्या कामाले जाणाऱ्या बाईनं इकडचं तिकडं न्यायचं नाही. नेलं की दोन्ही दारं बंद. मी बाकी हजार ठिकाणी तोंड चालवलं अन् नेमकं तिथं नियम पाळला. याचा पस्तावा मले आज पण आहे.

कारण इकडं पंजाबरावांच्या डोक्यात भलतंच शिजत होतं. निंब पसरत गेले, उगवतीच्या फांद्या लांबच लांब. दुपारनंतर त्यांच्या कापसाच्या आठ-दहा तासांवर ऊनच येईना. झाडं वाढली, बोंडं नाहीत. अन् पलीकडं पाहिलं तं शालिग्रामभाऊच्या अंगाले निंब कसे साफ सवळलेले! तुम्हीच सांगा, त्या माणसानं काय समजावं? त्यांनी समजलं तेच, जे कोणीही समजलं असतं. "बाभळीचा सूड घेऊन राह्यला," ते पुष्पाबाईले म्हणाले, मी ऐकलं. अन् दुसऱ्या दिवसापासून त्यांनी जेवायची जागा हलवली. पार वावराच्या टोकाले, विहिरीपाशी टिनाचं शेड आहे, त्याच्याखाली. टिन तापते, आत भट्टी होते. तरी तिथंच बसायचे.

शालिग्रामभाऊले वाटलं, सावली कमी पडली असेल. तुम्ही विश्वास ठेवा ना ठेवा, त्या माणसानं त्या साली आपल्याकडच्या आणखी फांद्या पाडल्या, की झाडाचा सगळा जोर तिकडं जावा.

मागच्या दिवाळीआधी पंजाबरावांनी गावच्या तंटामुक्ती समितीत अर्ज दिला. बैठक ग्रामपंचायतीच्या हॉलमध्ये झाली. मीही गेली, मले कोणी बोलावलं नव्हतं. अध्यक्ष इंद्रभान पाटील. शालिग्रामभाऊ धुतलेलं धोतर नेसून आले होते, दाढी करून. जसं कोणाच्या साखरपुड्याले जावं. मले तेव्हाच कळलं, की हा माणूस भांडायले आला नाही. चौदा वर्षांनी भाऊ एका खोलीत आपल्यासमोर बसणार, बोलणार, म्हणून आला आहे.

अन् पंजाबराव बोलले. पण कसे? इंद्रभान पाटलांकडं पाहून. "या गृहस्थांच्या झाडांमुळे माझं पीक जाते. यांना सांगा, यांनी फांद्या काढाव्या." कागदावर लिहून आणल्यासारखं, शहरी. इंद्रभान पाटील म्हणाले, "अरे, तुम्ही दोघं सख्खे भाऊ, आपसात बोला की." तं पंजाबराव म्हणाले, "माझी यांच्याशी ओळख नाही." शालिग्रामभाऊचं तोंड पाहवत नव्हतं. त्यांनी खिशातून काही बोलायचं काढावं तसा हात खिशात घातला अन् तसाच ठेवला. विचारलं तेव्हा एवढंच म्हणाले, "काढतो. सगळ्या काढतो."

त्यांनी कारण सांगितलंच नाही. एक शब्द सांगितला असता तं! मी उठून सांगायची तं इंद्रभान पाटलांनी हात दाखवला, "बाई, तुमचा यात संबंध नाही." हो बाप्पा, बाईचा कुठं संबंध असते.

पण तिसऱ्या दिवशी मी पंजाबरावांच्या वावरात कापूस वेचत होती. ते वजनाले काटा घेऊन आले, अन् माझ्यानं राहवलं नाही. गेला नियम चुलीत. मी ओटीतला कापूस खाली टाकला अन् म्हटलं, "पंजाबराव, तुमचा घोळणा अजून फुटते काय हो?"

ते दचकले. "तुले कोनं सांगतलं?"

"ज्यानं कांदा धरला त्यानं. त्या फांद्या तुमच्या कापसाले मारायले नाई ठेवल्या त्यानं. तुमच्या डोक्यावर सावली राहावी म्हनून ठेवल्या. अकरा वर्षं झाली, मी पाहून राह्यली. तो तिकडं उन्हात बसते अन् तुमी त्याले गृहस्थ म्हनता?"

पुष्पाबाई जागच्या जागी उभ्या. पंजाबराव बराच वेळ काट्याशी खुडबुड करत राह्यले. मंग म्हणाले, "मी मांगितली होती काय सावली?" अन् विहिरीकडं निघून गेले. त्या संध्याकाळी वजन पुष्पाबाईंनी केलं.

सवळायचा दिवस मार्गशीर्षात ठरला. पंजाबरावांच्या वावरात त्या बाजूले हरभरा होता, नवीन ठिबकच्या नळ्या टाकलेल्या. आमची टोळी भाऊकडं तुरीच्या शेंगा तोडायले होती, म्हणून सगळं माझ्या डोळ्यांसमोर झालं. शालिग्रामभाऊ, साठ ओलांडलेला माणूस, कंबरेले दोर, खांद्यावर कुऱ्हाड, मोठ्या निंबावर चढले. पंजाबराव आपल्या अंगाले हाताची घडी घालून उभे. अर्जदार ना, पाहायले आले. भाऊनं पहिल्या दोन बारीक फांद्या तशाच पाडल्या. मंग आली जाड फांदी, माणसाच्या मांडीएवढी, सरळ हरभऱ्यावर गेलेली. भाऊनं तिले दोर बांधला, बेचक्यातून काढला अन् दुसरं टोक खाली सोडून दिलं. ते टोक नुसतं लोंबत राह्यलं. धरायले कोणी नव्हतं. मी शेंगांची पाटी ठेवून निघालीच होती. भाऊनं कुऱ्हाड उचलली.

"थांब!"

पंजाबराव होते. धावत धुऱ्यावर चढले, दोराचं टोक पकडलं, खोडाभोवती एक वेढा दिला. "माह्या नळ्या तुटतीन," असं काही तरी पुटपुटले, पण ते खाली पाहून. मंग वर पाह्यलं अन् म्हणाले, "हान."

भाऊनं हाणलं. फांदी कडाडली, दोर ताणला गेला, पंजाबरावांनी पाय रोवून हळूहळू सोडला. फांदी हरभऱ्याले न लागता धुऱ्यावर टेकली. "आली," पंजाबराव म्हणाले. "पुढची बांध. ती नाई, तिच्या वरची. हां. तोड."

पाचही निंब होईपर्यंत तीन तास गेले. तीन तासांत हेच शब्द. हान, थांब, बांध, तोड, आली. आम्ही बायांनी त्या दिवशी शेंगा कमी तोडल्या अन् पाह्यलं जास्त. काम सरलं तेव्हा उगवतीकडं एक पान नव्हतं अन् मावळतीकडं तं आधीच नव्हतं. पाच खुंट उभे. भाऊ उतरले, हात सोललेले. त्यांनी आपली पाण्याची कॅन उचलून भावापुढं केली. पंजाबरावांनी दोर गुंडाळला, धुऱ्यावर ठेवला अन् आपल्या वावरातून सरळ चालत गेले. कॅन तशीच पुढं धरलेली राह्यली.

दुपारी आम्ही सगळ्या उन्हात बसलो. मले चीड आली होती, सगळ्यांची, निंबांची सुद्धा. भाऊ येऊन माझ्यापासून चार हातांवर बसले. पाहते तं काय, माणूस हसून राह्यला.

"ऐकलं काय जयमाला?"

"काय ऐकायचं?"

"मले 'तोड' म्हनला. 'तोडा' नाई म्हनला." अन् जसं काही मले समजलं नाही, तसं त्यांनी पुन्हा समजावून सांगितलं, "मीटिंगमधी कसा, यांना, यांनी, गृहस्थ. आज नाई. हान म्हनला, थांब म्हनला, बांध म्हनला. परक्याले कोनी थांब म्हनते काय? परक्याले थांबा म्हनते. मले तू म्हनला तो." अठ्ठावीस वेळा म्हटलं म्हणे. माणसानं वर कुऱ्हाड चालवता चालवता मोजलं होतं.

ज्या फांद्या त्यानं भावासाठी राखल्या त्या भावानं उभं राहून तोडायले लावल्या, अन् हा म्हणते मले तू म्हनला. मले रडू आलं, ते मी ठसक्याच्या नावावर खपवलं.

त्यानंतर दोघांत पुन्हा शब्द झाला नाही. मी लक्ष ठेवून होती. संक्रांत गेली. पंजाबराव टिनाखाली जेवत राह्यले. पुष्पाबाईंनी एकदा माझ्याजवळ तिळगूळ दिला, "तिकडं दे," म्हणून. पंजाबरावांनी काही दिलं नाही.

फाल्गुनात आम्ही पंजाबरावांचा हरभरा सोंगायले गेलो. तं शालिग्रामभाऊ आपल्या विहिरीवरून दोन बादल्या घेऊन येताना दिसले. एक फेरी, दोन फेऱ्या, तीन. निंबांच्या बुडाशी उगवतीच्या अंगानं त्यांनी आळी केली होती, त्यात शेणखत टाकलं होतं, अन् ते त्यात पाणी ओतत होते. ज्या झाडानं साठ-सत्तर उन्हाळे आपल्या मुळांवर काढले, त्याले बादलीनं पाणी! माझ्या पोरी विळे थांबवून हसायले लागल्या. मी धुऱ्यावर गेली.

"भाऊ, मोठ्या निंबाले कोनी पानी घालते काय? लोक काय म्हनतीन?"

"लवकर फुटला पाहिजे," ते म्हणाले. बोटानं दाखवलं. खुंटांवर तांबूस फूट निघाली होती, बोटभर. "असंच पानी भेटलं तं दोन साल लागनार नाई. पुढच्याच साली फांद्या पंजाबच्या पिकावर येतीन. मंग सवळा लागन."

"अन्?"

"अन् काय? एकट्यानं सवळता येते काय? दोर धरायले मानूस लागतेच नं."

मले राग आला. त्यांचा नाही, कोणाचा ते अजून कळत नाही. पण माझी जीभ सुटली. मी म्हटलं, "शालिग्रामभाऊ, खरं सांगू? तो भाऊ म्हनून नाई आला दोर धरायले. त्याच्या नळ्या तुटतीन म्हनून आला."

बोलून गेली अन् वाटलं, जीभ तोडून टाकावी. भाऊनं बादली खाली ठेवली. पलीकडं टिनाखाली पंजाबराव आमच्याकडं पाठ करून जेवत होते, तिकडं थोडा वेळ पाह्यलं.

"माहीत आहे मले," ते म्हणाले. "नळ्यांसाठीच आला. पुढच्या वेळी पन नळ्यांसाठीच येऊ दे."

अन् रिकाम्या बादल्या उचलून ते विहिरीकडं गेले. अजून दोन निंब राह्यले होते.